पेशींना निवडायला कोण बसते? : कॉम्प्यूसेल-थ्रीडी या संगणकप्रणालीचे परीक्षण

मिरकरवाड्याच्या बंदरात सकाळी होड्या धक्क्याला लागल्या की जाळ्यातले मासे एकत्रच ओतले जातात आणि पाट्या घेऊन बसलेल्या बायका बांगडा, तारली, मांदेली, कोळंबी असे ढीग वेगळे करत जातात. या निवडीला हात लागतो, डोळा लागतो आणि कोणता मासा कोणत्या ढिगात जायचा हे आधीपासून ठाऊक असलेले माणूस लागते. मी रत्नागिरी परिसरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात मी १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी सांगत होतो. टाउन्स आणि होल्टफ्रेटर या दोघांनी उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील पेशी सुट्या केल्या, त्या एकमेकींत मिसळल्या आणि तशाच राहू दिल्या. काही काळाने पाहिले तर त्वचेच्या होऊ घातलेल्या पेशी बाहेर आणि चेतासंस्थेच्या होऊ घातलेल्या पेशी आत, अशा त्या आपोआप वेगळ्या झाल्या होत्या. बंदराजवळ राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग तिथे निवडायला कोण बसते?"

या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर देता येते, पण ते पटत नाही. ते डोळ्यांसमोर घडताना दाखवता यावे म्हणून मी कॉम्प्यूसेल-थ्रीडी ही संगणकप्रणाली आमच्या प्रयोगशाळेत आणली. तिच्यावर पूर्ण वर्षभर काम केल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. माझ्याबरोबर प्राणिशास्त्राच्या सहकारी मॅडम होत्या, आणि या लेखातील जीवशास्त्राच्या बाजूची अनेक निरीक्षणे मूळ त्यांची आहेत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. कॉम्प्यूसेल-थ्रीडी ही पेशी आणि ऊती यांच्या हालचालींचे, वाढीचे व परस्परसंबंधांचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरील नक्कल, करणारी, विनामूल्य आणि मुक्त स्रोत असलेली प्रणाली आहे. तिची सुरुवात अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठात झाली आणि पुढे ती इंडियाना विद्यापीठात वाढली. तिच्यामागचे मुख्य नाव जेम्स ग्लेझिअर यांचे आहे. ग्लेझिअर मूळचे साबणाच्या फेसाचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, आणि ही गोष्ट मला प्रणालीच्या कोणत्याही तांत्रिक वैशिष्ट्यापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण पेशींकडे पाहण्याची तिची सारी दृष्टी फेसाच्या अभ्यासातून आली आहे. १९९२ साली ग्लेझिअर आणि फ्रान्स्वा ग्रानेर यांनी पेशींच्या निवडीचे एक छोटे प्रारूप मांडले. त्यासाठी त्यांनी चुंबकत्वाच्या अभ्यासातून आलेले पॉट्स प्रारूप उसने घेतले, जे रेनफ्री पॉट्स यांनी आपल्या प्रबंधात मांडले आणि १९५२ साली प्रसिद्ध केले होते. नेदरलँड्समधील पाउलीन होगेवेग यांनी या पद्धतीला जीवशास्त्राच्या अंगाने बरेच पुढे नेले, म्हणून आज तिला ग्लेझिअर-ग्रानेर-होगेवेग प्रारूप असेही म्हणतात.

प्रणालीचे पोट उघडून पाहिले तर आत जे चालते ते आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. चौकटींचा एक कागद घ्यावा आणि प्रत्येक चौकटीत एक क्रमांक लिहावा. एकाच क्रमांकाच्या लगतच्या सर्व चौकटी मिळून एक पेशी होते. म्हणजे पेशी हा येथे ठिपका नसतो. तिला आकार असतो, कड असते आणि शेजारी असतात. संगणक यादृच्छिक रीतीने एक चौकट निवडतो, तिच्या शेजारच्या चौकटीतला क्रमांक तिच्यात उतरवून पाहतो आणि त्यामुळे एकूण ऊर्जा वाढली की घटली याचा हिशेब करतो. घटली तर बदल कायम राहतो. वाढली तर बदल बहुधा नाकारला जातो. मात्र वाढ जितकी कमी तितकी तो स्वीकारला जाण्याची शक्यता जास्त, आणि ही शक्यता किती असावी हे 'तापमान' नावाचा एक आकडा ठरवतो. ऊर्जेच्या या हिशेबात मुख्यतः दोन रकमा असतात. पेशीचे आकारमान ठरवलेल्या मापापासून ढळले तर दंड बसतो, आणि दोन वेगळ्या पेशी जेथे जेथे एकमेकींना टेकतात तेथे तेथे त्या जोडीसाठी ठरलेली किंमत मोजावी लागते. एवढ्यावर सारा खेळ उभा आहे. निवडणारे कोणी नाही, आराखडा नाही, आणि कोणत्याही पेशीला आपल्या चारदोन शेजारणींपलीकडचे काहीही माहीत नाही.

जीवशास्त्रज्ञ माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला विचार नेमका हाच होता. वेगवेगळ्या ऊतींच्या पेशी एकमेकींना कमीजास्त चिकटतात, आणि पाण्यात तेल जसे वेगळे होते तशा त्या केवळ या फरकामुळे वेगळ्या होतात, असे त्यांचे म्हणणे होते. येथे एक खुलासा करावासा वाटतो. रत्नागिरीकर मांडवीच्या बाजूला काळा समुद्र आणि पलीकडच्या बाजूला पांढरा समुद्र म्हणतात, आणि वर्गात वाळूचा दाखला हटकून निघतो. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजे असतात, ती लाटांनी वेगळी काढलेली असतात; सुपात तांदूळ पाखडताना जे होते तेच तेथे मोठ्या प्रमाणावर होते. या निवडीत वजनाचा फरक असतो आणि बाहेरून कोणीतरी हलवत असते. पेशींच्या निवडीत वजनाला जवळजवळ स्थान नाही, आणि हालचाल पेशींची स्वतःचीच असते. दाखला चुकीचा आहे, पण तो चुकीचा का आहे हे सांगताना विषय जितका स्पष्ट होतो तितका बरोबर दाखल्याने होत नाही, म्हणून मी तो दरवर्षी मुद्दाम घेतो.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो. प्रणालीसोबत नमुन्यादाखल तयार सिम्युलेशनांचा मोठा संच येतो आणि त्यात पेशींच्या निवडीचे उदाहरण असते. आम्ही त्यात १९९२ च्या मूळ लेखातील आकडे भरले. गडद पेशी गडद पेशीला टेकली तर किंमत २, फिकट पेशी फिकट पेशीला टेकली तर १४, गडद आणि फिकट एकमेकींना टेकल्या तर ११, आणि कोणतीही पेशी बाहेरच्या माध्यमाला टेकली तर १६. सुरुवातीला दोन्ही प्रकारच्या पेशी भेळेसारख्या मिसळलेल्या होत्या. काही शेकडा पायऱ्यांत गडद पेशींचे छोटे पुंजके झाले, पुंजके एकमेकांना मिळत गेले, आणि फिकट पेशींनी बाहेरची कड धरली. वर्गात शांतता होती. पहिला प्रश्न आला तो मात्र योग्य होता : अकराच का?

ही प्रणाली वर्गासाठी किती मोलाची आहे ते मला या प्रश्नावर कळले, कारण त्याचे उत्तर आधी कागदावर काढून मग पडद्यावर तपासता येते. दोन प्रकारच्या पेशींमधील पृष्ठताण म्हणजे त्यांच्या परस्पर किमतीतून दोन्ही स्वजातीय किमतींची सरासरी वजा केलेली रक्कम. येथे २ आणि १४ यांची सरासरी ८ येते. ११ मधून ८ वजा केले की ३ उरतात. रक्कम धन आहे, म्हणून दोन्ही प्रकार एकमेकांपासून दूर राहू पाहतात. माध्यमाची स्वजातीय किंमत शून्य धरली की गडद पेशींचा माध्यमाशी पृष्ठताण याच रीतीने १५ येतो आणि फिकट पेशींचा ९. पंधरा हा आकडा ९ आणि ३ यांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे, म्हणून फिकट पेशी गडद पेशींना पूर्णपणे वेढून टाकतात. आता ११ च्या जागी ७ घातले तर पृष्ठताण उणे एक होतो. वेगळे होण्याऐवजी पेशी मुद्दाम मिसळतात आणि पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी रचना उमटू लागते. अकराच्या जागी १६ घातले तर तो ८ होतो. ९ आणि ८ मिळून १७ होतात, ते पंधरापेक्षा जास्त आहेत, त्यामुळे वेढा अर्धवट राहतो आणि गडद पुंजका एका बाजूने उघडा पडू पाहतो. विद्यार्थ्यांनी ही तिन्ही उत्तरे आधी वहीत लिहिली आणि मग सिम्युलेशन चालवले. पहिली दोन स्वच्छ जुळली. तिसऱ्याला बराच वेळ लागला, आणि काही पुंजके मध्येच अडकून पडले ते शेवटपर्यंत एकत्र आले नाहीत. समतोल कोठे आहे हे गणित सांगते, पण तेथपर्यंत पोहोचता येईलच असे ते सांगत नाही. हा धडा पाठ्यपुस्तकातून देणे मला आजवर जमले नव्हते.

हे आकडे केवळ खेळातले नाहीत, हे मॅडमनी लगेच दाखवून दिले. १९९६ साली स्टाइनबर्ग, फोटी आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील ऊतींचे गोळे दोन समांतर पट्ट्यांमध्ये दाबून त्यांचे पृष्ठताण प्रत्यक्ष मोजले. पायाच्या अंकुरातील ऊतीचा पृष्ठताण २०.१ डाइन प्रति सेंटिमीटर, हृदयाच्या ऊतीचा ८.५, यकृताचा ४.६ आणि डोळ्यातील चेतापटलाचा केवळ १.६ आला. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ असतो हे आपण शाळेत शिकतो, त्या मानाने या ऊती किती मऊ आहेत हे लक्षात येते. यांतील कोणत्याही दोन ऊती एकत्र ठेवल्या तर ज्या ऊतीचा पृष्ठताण जास्त ती आत जाते, आणि कमी असलेली तिला वेढते. संगणकातील १५ आणि ९ यांच्यामागे असे एक खरे मोजमाप उभे करता येते, ही बाब विद्यार्थ्यांपेक्षा मलाच जास्त भावली.

प्रणालीची बांधणी दोन भागांत आहे. 'प्लेअर' सिम्युलेशन दाखवतो, आणि 'ट्वेडिट प्लस प्लस' नावाच्या संपादकात ते लिहायचे असते. या संपादकात एक मार्गदर्शक खिडकी आहे. तिला पेशींचे प्रकार किती, जाळी केवढी, कोणते गुणधर्म हवेत एवढे सांगितले की सांगाडा ती स्वतः तयार करून देते. किमतींसारखे स्थिर आकडे एका साध्या मांडणीच्या फाइलीत जातात, आणि पेशीने कधी वाढावे, कधी विभागावे, कधी मरावे असे नियम पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिता येतात. ज्याला पायथॉनची तोंडओळख आहे त्याला आठवडाभरात हात बसतो. ज्याला नाही त्याने पहिला महिना तयार नमुन्यांतील आकडे बदलण्यातच घालवावा, त्यात कमीपणा काही नाही. मार्गदर्शक पुस्तिका विस्तृत आहेत आणि विनामूल्य प्रशिक्षणवर्गही होतात, परंतु हे सर्व इंग्रजीत आहे. आमच्या मुलांना विषयापेक्षा पुस्तिकेच्या भाषेनेच जास्त दमवले, म्हणून शेवटी आम्ही मराठीत बारा पानांची टिपणे हाताने लिहून काढली.

नावांच्या बाबतीत माझी तक्रार आहे. किंमत जितकी कमी तितका चिकटपणा जास्त, हा उलटा संकेत प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला एकदा तरी फसवतो. 'तापमान' हा शब्द त्याहून घातक आहे. त्याचा उष्णतेशी काही संबंध नाही; पेशीच्या कडा किती थरथरतात याचे ते माप आहे, आणि प्रणालीच्या नव्या आवृत्त्यांत त्याला 'चढउतारांचा आवाका' अशा अर्थाचे नाव दिले आहे ते बरे झाले. तरीही जुने लेख वाचणारा मुलगा "सर, ताप आला की पेशी जास्त हलतात का?" असे विचारतोच. हा आकडा फार कमी ठेवला तर सारे चित्र गोठते, आणि फार वाढवला तर पेशींचे तुकडे होऊन एकाच क्रमांकाचे ठिपके इकडेतिकडे विखुरतात. असा तुकड्यांचा जीव निसर्गात नसतो, पण प्रणाली त्याबद्दल आपण होऊन तक्रार करत नाही.

असाच एक प्रसंग आकारमानाच्या दंडाचा. एका गटाने पेशी मऊ कराव्यात म्हणून दंडाचा गुणक १ वरून ०.०५ वर आणला, आणि थोड्याच पायऱ्यांत बाहेरच्या कडेच्या पेशी आक्रसत जाऊन नाहीशा झाल्या. मुलांना वाटले की संगणक बिघडला. हिशेब मांडल्यावर कारण समोर आले. चाळीस चौकटींची पेशी पूर्ण नाहीशी झाली तर पहिल्या गुणकाने तिला ४० चा वर्ग म्हणजे १,६०० दंड बसतो; दुसऱ्या गुणकाने फक्त ८०. तेवढ्या पेशीची कड साधारण पंचवीस-सव्वीस चौकटींच्या बाजूंची धरली आणि प्रत्येक बाजूला १६ लावले तर ती रक्कम ४०० च्या वर जाते. म्हणजे जगण्यापेक्षा नाहीसे होणे स्वस्त पडत होते. मॅडमनी त्यावर एवढेच म्हटले की पेशी मरण्याचा हा प्रकार त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नाही. चूक आकड्यांची होती, प्रणालीची नव्हती. पण अशी चूक पडद्यावर एखाद्या जैविक घटनेसारखी सुंदर दिसते, आणि नवख्याने ती शोध समजून लिहूनही ठेवली असती.

वेळेचा प्रश्नही असाच आहे. सिम्युलेशनची एक पायरी म्हणजे जाळीत जितक्या चौकटी तितके बदलाचे प्रयत्न. ही पायरी म्हणजे एक मिनिट की एक तास, हे प्रणाली सांगत नाही, आणि सांगूही शकत नाही. प्रत्यक्ष पेशी किती वेगाने सरकते हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ते पडद्यावरच्या वेगाशी जुळवावे लागते, आणि मगच पायरीला घड्याळाचा अर्थ येतो. ज्या लेखात किंवा सादरीकरणात अशी जुळवणी न करता 'दहा हजार पायऱ्यांत गाठ एवढी वाढली' असे म्हटलेले असते, तेथे वाचकाने थांबून विचारावे. चौकटींच्या जाळीचाही स्वतःचा एक दोष आहे : शेजार फार जवळचाच धरला तर पेशींच्या कडा आडव्या-उभ्या रेषांना धरून बसतात. शेजाराची व्याप्ती वाढवली किंवा षट्‌कोनी जाळी निवडली तर हा दोष बराच कमी होतो, आणि दोन्ही सोयी येथे उपलब्ध आहेत.

बसवण्याविषयी थोडक्यात. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ती चालते. डाऊनलोड मोठे आहे, आणि आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे मी ते एकदा उतरवून पेनड्राइव्हवरून सर्व संगणकांवर नेले. द्विमितीय कामासाठी जुने संगणकही पुरतात. शंभर गुणिले शंभरची जाळी म्हणजे दहा हजार चौकटी होतात. तेवढे आमच्या प्रयोगशाळेतील सर्वांत जुने यंत्रही निमूटपणे ओढते. त्रिमितीत मात्र शंभराचा घन दहा लाख होतो, प्रत्येक पायरी शंभर पटींनी जड होते, आणि मध्येच वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून. ठरावीक अंतराने स्थिती साठवून ठेवण्याची सोय प्रणालीत आहे. ती सुरू करण्याची आठवण मला दोन दुपारी वाया गेल्यावर झाली.

फेसाचा उल्लेख वर केला, त्याकडे परत येतो, कारण या प्रणालीने मला वैयक्तिक असे काही दिले असेल तर ते तेथे आहे. जून-जुलैत समुद्र खवळला की भाट्याच्या किनाऱ्यावर फेसाचे पट्टे येऊन पडतात, आणि जवळ बसून पाहिले तर त्यांतील लहान बुडबुडे विरत जाऊन मोठे आणखी मोठे होत असतात. जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ साली सपाट फेसासाठी एक विलक्षण नियम मांडला : एखादा बुडबुडा वाढणार की आटणार हे फक्त त्याला किती बाजू आहेत यावर ठरते. सहा बाजूंचा जसाच्या तसा राहतो, त्याहून जास्त बाजूंचा वाढतो, कमी बाजूंचा आटतो. पॉट्स प्रारूपाने १९८० च्या दशकात धातूंमधील कणांची अशीच वाढ अभ्यासली गेली, आणि तेथूनच ग्लेझिअर यांची वाट पेशींकडे वळली. आमच्या एका विद्यार्थ्याने आकारमानाचा दंड काढून टाकून, सर्व किमती सारख्या ठेवून कॉम्प्यूसेल-थ्रीडीमध्येच हा फेस चालवून पाहिला. पेशी आणि बुडबुडा यांच्यात या प्रणालीच्या लेखी केवळ एका रकमेचा फरक आहे. आपल्या तव्यावरच्या आंबोळीला जाळी पडते तेव्हा तिच्या छिद्रांच्या बाजू मोजण्याचा नाद घरी मला त्यानंतर लागला. तेथे पीठ शिजून गोठत असल्यामुळे नियम लागू पडत नाही, हे मान्य करतो.

कोकणात हा विषय निघाला आणि आंब्याकडे गेला नाही असे होणार नाही. हापूसमध्ये पडणारा साका हा शेवटी गराच्या ऊतीतला बिघाडच आहे, बाहेरून फळ उत्तम दिसते आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघतो. बागायतदाराच्या घरातील एका मुलाने विचारले की साक्याचे सिम्युलेशन यात करता येईल का. मला नकार द्यावा लागला. या प्रणालीतील पेशी सरकतात, शेजारणी बदलतात, एकमेकींना वेढतात. वनस्पतींच्या पेशी भिंतींनी एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात आणि जागा सोडत नाहीत. साक्याच्या कारणांविषयी अभ्यासकांनी जे मांडले आहे, म्हणजे जमिनीतून येणारी उष्णता किंवा कोयीत अंकुरणाची लवकर होणारी सुरुवात, त्यात चिकटपणाच्या फरकाला स्थान नाही. वनस्पतींसाठी वेगळ्या पद्धतीची प्रारूपे आहेत; रूलँड मेर्क्स आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेली व्हर्च्युअललीफ ही पानाच्या वाढीसाठीची प्रणाली त्यांपैकी एक. आपल्या दारातला प्रश्न या हत्याराने सुटत नाही हे सांगताना वाईट वाटले, पण हत्याराची धार कोठे संपते हे कळणे हाही वापराचाच भाग आहे.

दुसरे पर्याय वापरून पाहावेत का, असे मला अनेकांनी विचारले. ज्यांना काहीही न बसवता केवळ पाहायचे आहे त्यांनी आर्टिस्टू घ्यावी. ती याच पद्धतीची आहे आणि थेट ब्राउझरमध्ये चालते. ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या मॉर्फियसमध्ये कोड न लिहिता प्रारूप उभे करता येते, आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांना ती अधिक सोयीची वाटेल असा माझा अंदाज आहे. फिझिसेल आणि ऑक्सफर्डची चेस्ट या जास्त ताकदीच्या, पण त्यांना प्रोग्रामिंगची सवय असलेला माणूस हवा. फिझिसेलमध्ये चौकटींची जाळी नाही, पेशी मोकळ्या अवकाशात असतात; लाखो पेशींच्या गाठीचा अभ्यास करायचा असेल तर ती बरी. पेशीची कड कशी वळते, ती शेजारणीला कशी टेकते हे पाहायचे असेल तर मी कॉम्प्यूसेल-थ्रीडीच निवडेन.

संशोधनात या प्रणालीने केलेले काम लहान नाही. रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची निर्मिती, गाठींची वाढ, भ्रूणातील मणक्यांच्या पूर्वरूपांचे खंड पडणे अशा विषयांवर ती वापरली गेली. २०२० साली ऊतीत विषाणूचा फैलाव आणि त्याला मिळणारा प्रतिकार यांचे एक प्रारूपही तिच्यावर उभे राहिले. परंतु चित्र पेशीसारखे दिसते म्हणून कारणही पेशीचेच असेल असे नाही, आणि यावर मॅडमचा व माझा वर्षभर वाद चालला. त्यांनी २००८ सालचा झेब्रा माशाच्या भ्रूणावरचा प्रयोग पुढे केला. त्यात आत जाणाऱ्या बाह्यस्तराच्या पेशी सर्वांत कमी चिकट निघाल्या. त्या आत गेल्या त्या त्यांच्या सालीतील, म्हणजे पेशीच्या कडेलगतच्या थरातील, ताण जास्त असल्यामुळे. स्टाइनबर्ग यांचे साधे म्हणणे येथे तोकडे पडते. माझा बचाव असा होता की प्रणालीतील 'किंमत' ही चिकटपणा आणि सालीचा ताण या दोन्हींची मिळून होणारी निव्वळ रक्कम आहे, त्यामुळे निकाल चुकत नाही. त्यांचे उत्तर होते की निकाल बरोबर आणि कारण झाकलेले, अशा वस्तूला प्रारूप म्हणावे की पडदा, ते तुम्हीच ठरवा. मी अजून ठरवलेले नाही. विद्यार्थिनीच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही त्यामुळे अर्धेच मिळाले आहे : निवडायला कोणी बसत नाही हे पडद्यावर सिद्ध झाले, पण निवड चिकटण्याने होते की ताणाने, हे पडदा पाहून सांगता येत नाही.

ज्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे दोन विभाग एकमेकांशी बोलतात तेथे ही प्रणाली अवश्य घ्यावी. खर्च शून्य आहे, जुने संगणक पुरतात, आणि सहा तासिकांत मुले स्वतःचे पहिले प्रारूप चालवतात. केवळ चलच्चित्रे दाखवण्यासाठी घ्यायची असेल तर एवढा खटाटोप करू नये. आमच्याकडे प्रत्येक गटाला एक वही ठेवावी लागते, आणि तिच्यात प्रत्येक आकड्यापुढे 'हा कोठून आला?' असा रकाना मॅडमनी आखून दिला आहे. वर्षाच्या सुरुवातीला त्या रकान्यात सगळीकडे 'नमुन्यातून' असेच लिहिलेले होते. परवा वह्या तपासल्या तेव्हा दोन गटांनी पृष्ठताणापुढे कोंबडीच्या भ्रूणाचे १९९६ चे मोजमाप लिहिले होते, एकाने वेगापुढे 'मोजायचा आहे' असे लिहिले होते, आणि तापमानापुढे सर्वांच्याच वहीत अजूनही 'नमुन्यातून' आहे.